डाऊन डाऊन अप अप डाऊन अप येतं, पण गाण्यात बसतच नाही!

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून): "ताई, मी चिपळूणचा, वय 37, पतसंस्थेत नोकरी. मावसभावाची जुनी गिटार 5-6 महिन्यांपूर्वी घरी आणली. जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर एवढ्या कॉर्ड येतात. व्हिडिओ बघून डाऊन डाऊन अप अप डाऊन अप शिकलो, शिवाय 20 स्ट्रमिंग पॅटर्नची (तारांवरून हात वरखाली मारायच्या पद्धतींची) एक लिस्ट डाऊनलोड करून ठेवलीय. पण कॉर्ड बदलताना उजवा हात थांबतो आणि गायला लागलो की दोन्ही हात थांबतात. 2 महिन्यांनी भाचीचा वाढदिवस आहे, तिला हॅपी बर्थडे वाजवून दाखवायचंय, पण माझा पॅटर्न त्यात काही केल्या बसत नाही. बोटं पण खूप दुखतात. पॅटर्न किती शिकू, सोपी गाणी कुठली घेऊ, आणि या वयात हे जमेल का?"

दादा, वयाचं आधी संपवते. 37 हे काही वय नाही, माझ्याकडे साठीतले लोक येतात आणि छान वाजवतात, त्यामुळे तो प्रश्न सोडून द्या. आता हॅपी बर्थडेकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं तिथे आहे आणि ते तुमचं तुम्हालाच सापडलंय, फक्त त्याला काय म्हणायचं ते माहीत नाहीये.

तो पॅटर्न बसत नाही कारण ते गाणं तीनचं आहे आणि तुमचा पॅटर्न चारचा. मांडीवर हात मारत म्हणून बघा, "बर्थ, डे, टू" हे एक दोन तीन, मग "यू" एकवर आणि तो दोनपर्यंत लांबतो, तीनवर पुढचं "हॅपी", की लगेच परत "बर्थ, डे, टू". एक दोन तीन, एक दोन तीन. म्हणजे आपला दादराच की, धा धी ना धा ती ना. आणि तुम्ही शिकलेला डाऊन डाऊन अप अप डाऊन अप हा आठाचा आहे, केरव्याच्या मापाचा. दादऱ्याच्या गाण्यावर केरवा 2 महिने काय 2 वर्षं घासलात तरी तो बसणार नाही, आणि त्यात तुमच्या हाताचा काडीचाही दोष नाही. उलट बसत नाहीये हे तुम्हाला कळलं म्हणजे तुमचा कान चांगला आहे, कितीतरी जण तसंच रेटत राहतात आणि त्यांना काही चुकतंय हे जाणवतही नाही.

आता ती 20 पॅटर्नची लिस्ट. ती बाजूला ठेवा. रागावू नका, पण त्या लिस्टने फायदा कमी आणि घोळ जास्त होतो, कारण त्यात नुसते बाण असतात, वर बाण खाली बाण, आणि माणूस ते बाण पाढ्यासारखे पाठ करायला लागतो. पण पॅटर्न म्हणजे बाण पाठ करणं नाही. पॅटर्न म्हणजे सतत वरखाली हलणारा एक हात, जो काही वेळा तारेला लागतो आणि काही वेळा न लागता नुसता जातो. हे एवढं वाक्य नीट उतरलं ना, की 20 चे 20 पॅटर्न आपोआप समजतात, कारण ते सगळे त्याच एका हलणाऱ्या हाताचे प्रकार आहेत.

माझी आजी जात्यावर दळायची. खुंटा धरून हात गोल फिरतोय, त्यावर ओवी चाललीय, मध्येच दुसऱ्या हाताने मूठभर धान्य टाकतेय, कधी ओवीचा पुढचा शब्द आठवत नाही म्हणून गप्प होतेय, पण जातं थांबत नाही. शब्द आले नाहीत तर जातं नुसतं फिरतं, शब्द आले की त्यावर बसतात. मी गिटार शिकवायला लागले तेव्हा मुलांना "कीप द हँड मूव्हिंग" वगैरे सांगायचे, ते कोणाच्या डोक्यात शिरायचं नाही, पण एकदा जात्याचं सांगितलं आणि समोरच्या काकूंचा हात त्याच दिवशी सुटला. तुमचा उजवा हात म्हणजे ते जातं. डाव्या हाताचं काहीही होवो, कॉर्ड लागो न लागो, गळ्यातून सूर येवो न येवो, जातं चालू.

मग हे करायचं कसं? पहिले 4-5 दिवस डाव्या हाताने कॉर्ड धरूच नका. डावा हात तारांवर नुसता हलका टेकवून ठेवा, दाबायचं नाही, म्हणजे सूर न येता चक चक असा आवाज येईल. तोंडाने म्हणा एक नि दोन नि तीन नि चार नि. आकड्यावर हात खाली, "नि" वर हात वर. आकड्याला खाली, नि ला वर, हा नियम कधीच मोडायचा नाही, चारच्या गाण्यात नाही आणि तीनच्या गाण्यातही नाही. हात कोपरापासून धपाधप मारायचा नाही, हात धुतल्यावर टॉवेल नसेल तर आपण पाणी कसं झटकतो, तसं मनगट सैल हवं. पिक (तारा छेडायची छोटी पातळ चकती) एकदम घट्ट धरला की वर येताना तारेत अडकतो, म्हणून अंगठा आणि पहिल्या बोटाच्या कडेमध्ये हलका धरा, टोक थोडंसंच बाहेर दिसू दे. आणि जाड पिक असेल तर बदला, स्ट्रमिंगला सुरुवातीला 0.46 ते 0.60 एमएमचा पातळ पिक बरा, तो वाकतो, अडकत नाही. वर येताना सगळ्या सहा तारा वाजवायच्या नसतात हेही कोणी सांगत नाही, खालच्या बाजूच्या 3-4 बारीक तारा लागल्या तरी भरपूर झालं.

हे चक चक जमलं की पहिला पॅटर्न. त्याला बाण नकोत, तुम्हाला तो लहानपणापासून येतोच. "ये रे ये रे पावसा" म्हणा, टाळी देत. पहिल्या टाळीत "ये रे", दुसरीत "ये रे", तिसरीत "पाव", चौथीत "सा". आता तेच हाताने, "ये रे" ला खाली वर, परत "ये रे" ला खाली वर, "पाव" ला खाली, "सा" ला खाली. झाला पॅटर्न, डाऊन अप डाऊन अप डाऊन डाऊन. "पाव" आणि "सा" नंतर हात वर जाणारच आहे, पण तारेला न लागता. पुढची ओळ "तुला देतो पैसा" तशीच, "पैसा झाला खोटा" तशीच. आणि गंमत म्हणजे हे आख्खं गाणं एका जी कॉर्डवर म्हणता येतं, म्हणजे कॉर्ड बदलायची कटकटच नाही, हात आणि गळा एवढंच सांभाळायचं. गाता गाता वाजवायची पहिली पायरी म्हणून मला याच्याइतकं सोपं दुसरं काही सापडलेलं नाही. भाची लहान असेल तर तिला समोर बसवून म्हणा, मुलं चालीत कधी थांबत नाहीत, त्यामुळे तुम्हालाही थांबता येत नाही.

त्यानंतर "चांदोबा चांदोबा भागलास का" घ्या, कारण त्यात रिकामी जागा आहे. "चांदो" ला खाली वर, "बा" ला खाली, परत तेच, मग "भाग" खाली, "लास" खाली, "का" खाली, आणि आठव्या टाळीला काहीच नाही. त्या आठव्याला हात खाली जायचा, पण तार चुकवून. तार न वाजवता हात खाली नेणं हे वाजवण्यापेक्षा अवघड असतं बरं का, कारण आपल्या मनाला वाटतं आवाज नाही तर हालचाल कशाला. तिथेच हात थांबतो आणि तिथूनच ताल जातो. म्हणून त्या रिकाम्या जागेची वेगळी प्रॅक्टिस करा.

आणि आता तुमचा जुना मित्र, डाऊन डाऊन अप अप डाऊन अप. हा पॅटर्न वाईट अजिबात नाही, खूप गाण्यांना चालतो, पण शिकवताना त्यातली रिकामी जागा सांगितली जात नाही. मी त्याला वाक्य दिलंय, "दे चहा... गं आई". एकवर "दे", खाली. मग हात वर जातो, न लागता. दोनवर "च" खाली, "हा" वर. तीनला हात खाली जातो पण तारेला लागत नाही, हीच ती जागा. मग वर येताना "गं", आणि चारवर "आ" खाली "ई" वर. म्हणजे ते दोन अप जे लागोपाठ आहेत ना, त्या दोघांच्या मध्ये एक मुकं डाऊन लपलेलं आहे. बहुतेक नवीन लोक तिथे हात वरच धरून ठेवतात आणि वरच्या वर दुसरं अप मारायला बघतात, मग पॅटर्न लंगडतो. "दे चहा गं आई" असं सलग म्हटलं तर चुकेल, चहाच्या नंतर तो अर्धा श्वास घ्यायचाच. 10 मिनिटं नुसतं म्हणत घरात फिरा (आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर खरंच चहा येईल) आणि मगच गिटार घ्या.

चारच्या गाण्यांना सध्या हे एवढं पुरे.

आता तीनचा, म्हणजे तुमच्या वाढदिवसाचा. इथे अप नकोतच, तिन्ही डाऊन, पण तिन्ही सारखे नाहीत. पहिल्याला फक्त जाड तार, पुढच्या दोनला बारीक तारा हलक्या हाताने. जाड तार म्हणजे डग्गा, बारीक तारा म्हणजे तबला. बूम चक चक, बूम चक चक. जी धरलात तर बूमला सर्वात जाड सहावी तार, सी ला पाचवी, डी ला चौथी. सुरुवातीला नेमकी तार सापडणार नाही, शेजारची लागेल, लागू दे, महत्त्वाचं काय तर पहिला ठोका वजनदार आणि बाकीचे दोन हलके. तिन्ही सारखेच जोरात मारले की ऐकणाऱ्याला तीन कळतच नाही, नुसती धडधड ऐकू येते. मोबाईलवर तबल्याचं एखादं ॲप घ्या, दादरा लावा, लय अगदी कमी ठेवा आणि त्याच्या बरोबर नुसतं बूम चक चक करत बसा. मेट्रोनोमपेक्षा (टिक टिक करत लय मोजणारं यंत्र) आपल्याला तबल्याबरोबर पटकन जमतं असा माझा अनुभव आहे, आपला कान त्यावरच वाढलाय. आपली बरीचशी कोळीगीतंही या सहाच्या हेलकाव्यात असतात, वल्हं मारल्यासारखी, आणि गोव्यातलं दुलपद ऐकलंत तर तेही तसंच झुलतं, त्यामुळे हा एक ताल हातात बसला की पुढे त्याचा खूप उपयोग आहे, वाढदिवसापुरता तो नाही.

गाणं असं. जी, सी आणि डी या तीनच कॉर्ड. पहिल्या "हॅपी" वर काही वाजवायचं नाही, तो तालाच्या आधी येतो, पहिला ठोका "बर्थ" वर. (इथेच सगळे चुकतात, "हॅपी" वर सुरू करतात आणि मग आख्खं गाणं एक मात्रा मागे पळतं.) "बर्थडे टू" जी, "यू" ला डी. दुसरी ओळ "बर्थडे टू" डी वरच, "यू" ला परत जी. तिसरी ओळ "बर्थडे डिअर" जी, आणि भाचीच्या नावाला सी. शेवटची ओळ "बर्थडे" जी, "टू" ला डी, "यू" ला जी, संपलं. म्हणजे तीन तीन मात्रांचे आठ गट, 24 मात्रा, आणि यात एकच जागा घाईची आहे, ती शेवटच्या ओळीतली, जिथे एकाच गटात जी चे दोन ठोके आणि डी चा एक. बाकी सगळीकडे तुम्हाला कॉर्ड बदलायला पूर्ण तीन मात्रा तरी मिळतात. तेवढा जी जी डी जी तुकडा काढून रोज 20 वेळा वेगळा वाजवा, गाणं पहिल्यापासून परत परत वाजवत बसू नका, त्याने सोपा भाग अजून सोपा होतो आणि अवघड भाग तसाच राहतो.

आता कॉर्ड बदलताना हात थांबतो त्याचं. खरं सांगू का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच सोडवायला हवेत. एक, डावा हात हळू आहे. दोन, उजवा हात त्याच्यासाठी थांबतो. दुसरं तर आजच बंद करता येतं, जात्याचं लक्षात ठेवा, कॉर्ड अर्धवट लागली तरी हात चालू ठेवा, दोन तारा बुडाल्या तर बुडू देत. आणि एक आतली गोष्ट सांगते, चांगले वाजवणारे सुद्धा कॉर्ड बदलायच्या आधीच्या शेवटच्या "नि" ला डावा हात उचललेला असतो, म्हणजे तो शेवटचा अप मोकळ्या तारांवर वाजतो, आणि ते कोणाला खटकत नाही, इतकं ते पटकन जातं. तुम्ही काय करता, चार मात्रा पूर्ण कॉर्ड धरून बसता आणि मग एकवर उडी मारायला जाता, तेवढ्यात एक निघून गेलेला असतो. थोडं आधी सोडा. एकवर वेळेत पोचणं हे शेवटची मात्रा सुबक वाजवण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

डाव्या हाताचा वेग वाढवायला मी मोजायला लावते. मोबाईलवर 1 मिनिटाचा टायमर, दोन कॉर्ड, समजा जी आणि सी, आणि मिनिटात किती वेळा बदलल्या ते वहीत लिहायचं. सुरुवातीला 12-15 होतील, 30 झाल्या की गाण्यात वापरायच्या लायक झाल्या. पण बोटं उगाच हवेत उडवू नका, कुठली बोटं तिथेच ठेवता येतात ते बघा. ए मायनर वरून सी ला जाताना पहिलं आणि मधलं बोट हलतच नाही, फक्त तिसरं बोट उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात (गिटारच्या दांड्यावरच्या दोन पट्ट्यांमधली जागा म्हणजे घर) ठेवायचं, तुम्ही तीनही बोटं उचलून परत नव्याने ठेवत असाल असं मला वाटतं, बहुतेक सगळे तेच करतात. तसंच जी चा एक प्रकार आहे ज्यात तिसरं बोट आणि करंगळी शेवटच्या दोन बारीक तारांच्या तिसऱ्या घरात असतात. ती दोन बोटं तिथेच चिकटवून ठेवली आणि पहिली दोन बोटं तशीच एकेक तार खाली सरकवली की सी ॲड नाईन होते, जी साध्या सी च्या जागी बहुतेक गाण्यात खपून जाते. बर्थडेमध्ये नावाला हीच वापरा, जी ते सी हा प्रवास मग दोन बोटांवर येतो.

बार कॉर्डच्या नादाला आत्ता लागू नका हे आग्रहाने सांगते. मी शिकायला गेले तेव्हा मला दुसऱ्याच आठवड्यात एफचा बार लावायला दिला होता, पहिलं बोट आडवं करून सगळ्या सहा तारा दाबायच्या, आणि ते जमेना म्हणून आपल्याला गिटारच जमणार नाही असं धरून मी जवळजवळ दीड वर्ष ती खोक्यात ठेवून दिली. मला त्या दीड वर्षाचं अजून वाईट वाटतं. गाणं सी, ए मायनर, एफ, जी मध्ये दिलेलं असेल तर पाचव्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि त्याऐवजी जी, ई मायनर, सी, डी वाजवा, सूर तोच येतो, एफ लागत नाही. कॅपो 200-300 रुपयांचाही चालतो, आणि त्याला कमीपणाचं काही नाही.

गाता गाता हात थांबतात यावर. वारीत टाळ वाजवत अभंग म्हणणाऱ्यांना आपण बघतो, टाळ एकीकडे, अभंग एकीकडे, पाऊल तिसरीकडे, आणि त्यांना कोणी क्लास लावून शिकवलेलं नसतं. फरक एवढाच की त्यांनी टाळ आधी इतका घोटलाय की तो वाजवायला लक्ष द्यावं लागत नाही, सगळं लक्ष अभंगाला मोकळं. तुमचं उलटं चाललंय, लक्ष अर्धं हातात अर्धं गाण्यात, म्हणून दोन्ही अडकतं. तेव्हा पॅटर्न इतका वाजवा की टीव्हीवर बातम्या बघत वाजवता आला पाहिजे, किंवा घरच्यांशी बोलत. खरंच करा हे, हात चालू ठेवून "आज भाजी काय आहे" विचारा, विचारताना हात अडखळला तर अजून गायची वेळ आलेली नाही असं समजा. मग पुढे गाणं चालीवर न म्हणता नुसतं बोला, शब्द ठोक्यावर. मग फक्त कॉर्ड बदलते तो शब्द गा, बाकीचे मनात. मग पूर्ण. आणि एका कॉर्डवर "राम कृष्ण हरी" चा गजर धरा आणि 5 मिनिटं सोडू नका, ही माझी सगळ्यात आवडती प्रॅक्टिस आहे, कारण शब्द तीनच, आठवायला काही नाही, आणि गजर जसजसा चढतो तसा हात आपोआप सैल होतो.

सोप्या गाण्यांचं सांगायचं तर आधी एक इशारा. मराठी भावगीतं आपल्याला मनापासून आवडतात आणि पहिली इच्छा तीच वाजवायची असते, पण त्यातल्या बऱ्याच चाली रागाच्या अंगाने गेलेल्या आहेत, त्या कॉर्ड डोक्यात ठेवून बांधलेल्या नाहीत, त्यामुळे इंटरनेटवर त्यांच्या ज्या कॉर्ड मिळतात त्या कोणीतरी आपल्या कानाने बसवलेल्या असतात, कधी बरोबर, कधी ओळीच्या मध्येच वेडीवाकडी वळणं. ती गाणी सोडू नका, पण 6 महिन्यांनी घ्या. सध्या कॉर्डवरच उभी असलेली गाणी घ्या. इंग्रजी चालत असेल तर बॉब डिलनचं 1973 चं नॉकिंग ऑन हेवन्स डोअर घ्या, जी डी ए मायनर, जी डी सी, आख्खं गाणं याच्यात फिरतं, लय संथ आहे आणि "दे चहा गं आई" त्याला बसतो. जी, ई मायनर, सी, डी ही चारची साखळी घोटून ठेवा, बेन ई किंगचं 1961 चं स्टँड बाय मी याच क्रमावर आहे, आणि हा क्रम कानात बसला की तुम्हालाच तो ठिकठिकाणी ऐकू यायला लागेल, हिंदीत सुद्धा. नवीन गाणं घेताना मात्र कॉर्ड शोधायच्या आधी गाणं लावा आणि टाळी द्या, तीनचं की चारचं हे ठरवा, नाही ठरलं तर "ये रे ये रे पावसा" म्हणून बघा बसतंय का, आणि "एक दोन तीन" म्हणून बघा बसतंय का. तुमच्या हॅपी बर्थडेचं जे झालं ते परत होणार नाही.

तुम्हाला पेटीची थोडी ओळख असेल तर अजून एक सांगते, जी ला सा मानलं तर सी म्हणजे म आणि डी म्हणजे प. सा, म, प. म्हणून तर या तीन कॉर्डवर इतकी गाणी होतात. आणि जी म्हणजे पेटीची पांढरी 5, त्यात सूर खाली वाटला, तर पहिल्या घरात कॅपो लावा, तीच बोटं, पण सूर काळी 4 चा.

बोटं दुखतात ते. टोकं दुखणं साहजिक आहे, रोज 15-20 मिनिटं वाजवलंत तर 3-4 आठवड्यांत कातडी घट्ट होते, आठवडाभर गॅप पडली की परत मऊ. रविवारी 2 तास वाजवण्यापेक्षा रोज 15 मिनिटं खूप बरी. पण मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर थांबा, ते साहजिक नाही, बहुतेक तुम्ही अंगठ्याने मागून चिमटा काढल्यासारखं दाबताय. बोट घराच्या मधोमध न ठेवता पुढच्या पट्टीच्या अगदी मागे ठेवा, अर्ध्या जोरात सूर येतो.

आणि मला तुमच्या गिटारचीच शंका आहे. जुनी गिटार, त्यात चिपळूणचा पाऊस. दमट हवेत लाकूड फुगतं, तारा उचलल्या जातात, आणि गंज चढतो तो वेगळाच. स्टीलची मोजपट्टी घेऊन सर्वात जाड तार गिटारच्या बाराव्या पट्टीपासून किती वर आहे ते मोजा. 2 ते अडीच एमएम असेल तर ठीक, 3 च्या वर असेल तर तुमचा दोष नाही, ती गिटार कोणाच्याही बोटांना दुखवेल, एखाद्या वाद्य दुरुस्तीवाल्याकडून सेट करून घ्या. तोवर सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवून वाजवा, ताण कमी होतो, पहिल्या घरात कॅपो लावला की सूर परत जागेवर. आणि तारा बदला, बोट फिरवल्यावर काळं होत असेल तर नक्कीच. नवीन घेताना दुकानात एक्स्ट्रा लाईट, 10 नंबरचा सेट मागा. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत ओल धरते, बॅगेत ठेवा आणि वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसा.

आता वाढदिवसाच्या दिवसाचं. लोक एकदम गायला लागतात आणि प्रत्येक जण आपापल्या सुरात, मग तुमच्या जी चा काही उपयोग होत नाही. म्हणून सगळ्यांनी तोंड उघडायच्या आधी तुम्ही जी वर दोन वेळा बूम चक चक करा आणि "हॅपी" तुम्ही स्वतः मोठ्याने उचला, पेटीवाले जसा सूर देतात तसा. पहिला शब्द तुमचा असला की बाकीचे मागे येतात. नावाच्या जागी सगळे जण लांबवतात, कोणी ताई म्हणतं कोणी बाळा म्हणतं, तिथे घाबरू नका, सी धरून बूम चक चक चालूच ठेवा, कितीही वेळा, आणि सगळे "हॅपी" ला परत आले की मगच जी. घरी प्रॅक्टिस करताना सुद्धा कधी एकदा, कधी चारदा असं त्या सी वर थांबून बघा. नवीन तारा वाढदिवसाच्या आदल्या दिवशी लावू नका, नवीन तारा पहिले काही दिवस ताणतात आणि सारख्या उतरतात, आठवडाभर आधी लावा, रोज वाजवा, आणि केक टेबलावर यायच्या आधी एकदा आतल्या खोलीत जाऊन ट्यून करून या.